पॉवरशेलची साफसफाई: पुसायचं की हाकलायचं?

‘सीएलएस’ टाइप केलं की पॉवरशेलची खिडकी लख्ख होते. पण ती नुसती वरवरची रंगसफेदी! तुम्ही तयार केलेली व्हेरिएबल्स सेशनच्या मेमरीत तशीच ठाण मांडून असतात.

2006 साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या या शेलमध्ये त्यांच्यासाठी दोन कमांड आहेत. ‘क्लिअर-व्हेरिएबल’ आतली व्हॅल्यू काढते, नाव ठेवते. भाडेकरू गेला, दारावरची पाटी राहिली. ‘रिमूव्ह-व्हेरिएबल’ पाटीसकट सगळं उचलते. टायपिंगचा कंटाळा असेल तर नुसतं ‘आरव्ही’ पुरतं. नाव देताना डॉलरचं चिन्ह मात्र गाळायचं, नवशिक्यांना ठेच लागते ती इथेच. गंमत म्हणजे नंतर दोघांनाही हाक मारली तर उत्तर एकच: रिकामं! खरा फरक ‘गेट-व्हेरिएबल’ला विचारल्यावर कळतो. नाहीतर स्ट्रिक्ट मोड लावा, मग नसलेल्याचं नाव घेताच एरर येते.

सी ड्राइव्हसारखा इथे ‘व्हेरिएबल’ नावाचा ड्राइव्हही आहे आणि फाइल उडवायची कमांड तिथेही चालते.

मग स्टार लावून सगळीच एका फटक्यात उडवावीत? जरा थांबा. ‘ट्रू’, ‘फॉल्स’, ‘पीआयडी’ ही मंडळी कॉन्स्टंट. ‘फोर्स’ लावला तरी जागची हलत नाहीत. ‘होम’ रीड-ओन्ली आहे, ते ‘फोर्स’पुढे नमतं. पण एरर आल्यावर काय करायचं हे ठरवणारं ‘एररॲक्शनप्रेफरन्स’ बिचारं मुकाट्याने जातं. कारण तुमचं कोणतं आणि शेलचं कोणतं, याची वेगळी खूण पॉवरशेल ठेवतच नाही. म्हणून जाणकार सेशन सुरू होतानाच नावांची यादी काढून ठेवतात आणि शेवटी यादीत नसलेली तेवढी उडवतात. जुगाडच, पण चोख.

हा खटाटोप सर्वात जास्त आयएसई हा पॉवरशेलचा स्क्रिप्ट एडिटर वापरणाऱ्यांना. साध्या कन्सोलमध्ये चालवलेल्या स्क्रिप्टची व्हेरिएबल्स ती संपताच स्वतःहून जातात. आयएसईत ‘एफ5’ दाबलं की मागच्या वेळची व्हॅल्यू मागे उरते आणि चुकलेली स्क्रिप्टही बरोबर चालल्यासारखी दिसते. पकडा आता बग!

आमचं मत विचाराल तर खिडकी बंद करून नवी उघडणं सर्वात सोपं. प्रोफाइल फाइलमध्ये लिहिलेली व्हेरिएबल्स तिथेही हजर होतील; तीही नको असतील तर शेल सुरू करतानाच ‘नोप्रोफाइल’ लावा.