वकीलपत्रावर सही करण्याआधी
कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही. १९८४च्या कायद्याच्या कलम १३नुसार त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती सहसा मिळते. खरी अडचण फीची. ती आधीच ठरवा, लेखी ठरवा, पावती मागायला लाजू नका. ‘पोटगीतले इतके टक्के माझे’ असं कुणी म्हणालं तर सरळ उठून यावं: निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी थकली म्हणून तुमची कागदपत्रंही अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे स्पष्ट केलंय. महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.