माजघरातला तपास

२०२३च्या फेब्रुवारीत वर्ध्यात ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावरच्या ग्रंथप्रदर्शनात मी तीन दिवस एकच प्रश्न घेऊन फिरत होते. जुन्या काळात घडणारी, खुनाचा तपास असलेली आणि तो तपास बाईनं केलेला, अशी मराठी कादंबरी आहे का? एका गाळ्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ताई, ऐतिहासिक पाहिजे का रहस्य? एक काहीतरी सांगा." ऐतिहासिक डाव्या हाताला होतं, रहस्य उजव्या हाताला. मधल्या फळीवर पाककृती आणि राशिभविष्य.

काकांचं काही चुकलं नव्हतं. मराठीत हे दोघे भाऊ कधीचे वेगळे निघालेत आणि वाटणीत बाई कुणाच्याच वाट्याला धड आली नाही. गंमत अशी की सुरुवातीला चूल एकच होती. रा. भि. गुंजीकरांचं 'मोचनगड' १८७१चं, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. पुढे गो. ना. दातारशास्त्री आणि नाथमाधव यांनी इंग्रजीतल्या रेनॉल्ड्सच्या वळणानं लिहायला घेतलं. 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'वीरधवल' – भुयारं, वेषांतरं, विषाचे पेले, राजघराण्यातली हरवलेली पोरं, सगळं एकाच पुस्तकात. काळ जुना, राज्य मात्र कुठल्याही नकाशात न सापडणारं. या पुस्तकांत बाया पुष्कळ आहेत. पण त्या भुयारात कोंडलेल्या. भुयाराचं दार शोधून काढायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी.

मग वाटण्या झाल्या. बाबूराव अर्नाळकर काळापहाड, झुंजार आणि धनंजय यांना घेऊन मुंबईत शिरले आणि त्यांनी हजारावर पुस्तकं लिहिली. ऐतिहासिक कादंबरी दप्तरं-बखरी मांडीवर घेऊन बसली. १९६२च्या 'स्वामी'नंतर तर तिला असा काही मान मिळाला, की रहस्याला तिनं चप्पल काढायच्या जागेपलीकडे येऊ दिलं नाही. ऐतिहासिक कादंबरीत बाईला देवघर मिळालं. रहस्यकथेत मिळालं एक तर पहिल्या प्रकरणातलं प्रेत, नाहीतर डाक बंगल्यावरची मोहिनी.

बाहेर मात्र या दोन फळ्या कधीच्या एक झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी कादंबऱ्या आपल्याच अंगणात घडतात. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) घ्या. मुंबई, १९२१. पर्वीन मिस्त्री वडिलांच्या वकिली कचेरीत बसते. ओमर फरीद नावाचे गिरणीमालक वारलेत, तीन विधवा मागे आहेत, तिघी एकाच बंगल्यात पडद्यात राहतात. तिघींनी आपापला हक्क सोडल्याचे कागद कचेरीत येतात. सह्या पाहून पर्वीनच्या मनात पाल चुकचुकते. पुढे खून होतो आणि पोलीस दाराशी अडतात. पडद्याआड पुरुषाला जाता येत नाही, बायका जाळीपलीकडून किती बोलणार? पर्वीन मात्र आत जाऊन त्यांच्यासमोर बसते.

मला ही कादंबरी आवडली ती या एका युक्तीसाठी. तिथे बाई तपास करते ते पुरुषाची बरोबरी दाखवायला नाही. तपासाची जागाच अशी आहे, की तिच्याशिवाय कुणाचा पाय तिथे लागत नाही. देवळीकडच्या माझ्या आजोळच्या वाड्यात ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये हातभर जाडीची भिंत होती आणि भिंतीत वीतभर झरोका. ओसरीवर बसलेल्यांना वाटायचं, आपलं बोलणं आपल्यातच आहे. आत ज्वारी निवडत बसलेल्या बाया सोयरिकीपासून कापसाच्या भावापर्यंत सगळं ऐकून असायच्या. सुपाचा आवाज थांबला, की ओसरीवर महत्त्वाचं काही चाललंय असं आम्ही पोरी ओळखायचो. फौजदार आला असता तर त्यानं जबाब ओसरीवरच्यांचे घेतले असते.

पर्वीनच्या मागे खरी बाई उभी आहे, आणि ती नाशिकची. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली, १८८९मध्ये ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेली, १८९२मध्ये परीक्षा दिली. शिकली, पण वकिलीची सनद बाईला नव्हती. त्यासाठी तिला पन्नाशी ओलांडेपर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात, १९०४मध्ये, बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सनं तिला नेमलं ते पडदानशीन विधवा आणि वारसांची गाऱ्हाणी ऐकायला. इस्टेटीपायी जिवावर उठलेले दीर-भाचे, बदललेले कागद, संशयाचं जेवण – कादंबरीकाराला आणखी काय लागतं? मॅसी यांची दुसरी कादंबरी 'द सतापूर मूनस्टोन' (२०१९) तर थेट सह्याद्रीतल्या एका कल्पित संस्थानात जाते. पर्वीनला तिथे पाठवते कोल्हापूरची एजन्सी, आणि प्रकरण असतं दोन राण्यांमधलं. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी ही संस्थानं डोळ्यांदेखत असलेल्या आपल्या लेखकांना हे का सुचू नये?

बाकीच्यांचा झटपट हिशेब. नेव्ह मार्च यांच्या 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे'ला (२०२०) आधार आहे तो १८९१च्या एप्रिलमध्ये राजाबाई टॉवरवरून पडून मेलेल्या दोन पारशी तरुणींचा. त्यांतली एक पुढे कुलुपांचा कारखाना काढणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांची पत्नी. तपास मात्र तिथे पुरुषाच्या हाती, म्हणून ती आपल्या फळीवर अर्धीच बसते. वसीम खान यांच्या 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस'मध्ये नव्या स्वातंत्र्यातली पोलीस अधिकारी पर्सिस वाडिया आहे. या कादंबरीला २०२१चा ऐतिहासिक रहस्यकथेचा डॅगर पुरस्कार मिळाला. हरिणी नागेंद्र यांची कावेरी १९२१च्या बंगळुरात सासूच्या डोळ्यांखालून तपास करते, हलकीफुलकी आणि गोड. या सगळ्यांतलं मला खटकणारं एकच: या बाया कधीकधी फार आजच्या बोलतात. लुगडं जुनं, पण तोंड उघडलं की आतून कॉलेजातली मुलगी निघते.

हा दोष अगाथा ख्रिस्तीच्या 'डेथ कम्स अ‍ॅज दि एंड'मध्ये जवळपास नाही. ही कादंबरी चाळीसच्या दशकातली आणि तिचं कथानक घडतं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये. रेनिसेन्ब नावाची तरुण विधवा मुलीला घेऊन माहेरी परत येते. बाप शेतीवाडीचा मालक, तीन मुलगे, दोन सुना, आंधळी होत चाललेली पण सगळं ओळखून असलेली म्हातारी आजी. बाप उतारवयात एक तरुण बाई घरात आणून ठेवतो आणि तिथून घरात मरणं सुरू होतात. हेकानख्त नावाच्या एका खऱ्या इजिप्शियन गृहस्थाची घरी धाडलेली पत्रं थडग्यात सापडली होती: धान्य किती द्यायचं, कुणाला बोलायचं नाही, माझ्या बाईला नीट वागवा. त्या पत्रांवरून ख्रिस्तीनं हे घर उभं केलं. मराठी वाचकाला या घरात परकं काही वाटत नाही. माहेरी परतलेली विधवा घरात कुठे बसते आणि तिच्यासमोर लोक किती बेसावध बोलतात, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

दुसरी वाट जोसेफिन टेच्या 'द डॉटर ऑफ टाइम'ची (१९५१). पाय मोडून इस्पितळात पडलेला पोलीस अधिकारी खाटेवरून साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास करतो: तिसऱ्या रिचर्डनं पुतण्यांना खरंच मारलं का? पुस्तक वाचताना मला दर दहा पानांनी आनंदीबाई आठवत होती. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला मारलं आणि 'ध'चा 'मा' आनंदीबाईच्या नावावर जमा झाला. शाळेतल्या पोरालाही तो पाठ. पण 'धरावे'चं 'मारावे' झालेला तो मूळ कागद पुराव्याला कुणी आणला? रामशास्त्र्यांनी प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबाला. एका अक्षरानं जन्माची शिक्षा झालेली ही बाई, आणि तिचा खटला कादंबरीत पुन्हा उभा करावा, असा तपास अजून माझ्या वाचनात आला नाही. ती सुटेलच असं मी म्हणत नाही. पण हस्ताक्षर तरी कुणी पाहा!

मराठीतलं जवळचं नाव विचाराल तर मी ना. सं. इनामदारांच्या 'शिकस्त'वर बोट ठेवीन. पानिपतावरून सदाशिवराव भाऊ परतले नाहीत. पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. आणि काही वर्षांनी भाऊ म्हणवणारा एक माणूस उभा राहिला. १७७६मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं, त्यात राजकारण आहे. केळकरांच्या नाटकाशेजारी इनामदारांची पार्वतीबाई ठेवली की कळतं, प्रश्न राज्याचा नव्हता, ओळखीचा होता: माझा नवरा कोणता, हे मी नाही तर कोण सांगणार? फ्रान्समध्ये मार्टिन गेरच्या बायकोवर हीच वेळ आली होती. तिथला तोतया १५६०मध्ये फासावर गेला, आणि जॅनेट लुइसनं १९४१मध्ये त्या बायकोच्या बाजूनं एक छोटी, धारदार कादंबरी लिहिली. 'शिकस्त' रहस्यकथा म्हणून लिहिलेली नाही. पण नायिकेला ठाऊक असलेलं आणि तिनं बोलायचं नसलेलं, या दोहोंत जी रस्सीखेच चालते, ती अस्सल रहस्यकथेची आहे.

आता आमच्या अंगणात. वर्धा जिल्हा १८६२मध्ये नागपुरातून वेगळा काढला; त्याआधी ही जमीन नागपूरकर भोसल्यांची. १ फेब्रुवारी १८१७ला सकाळी नागपूरच्या वाड्यात परसोजी भोसले अंथरुणात मेलेले आढळले. दुबळा, आजारी राजा. कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांच्या हाती, आणि अप्पासाहेब त्या वेळी नेमके चांद्याला गेलेले. चांद्याहून नागपूरला जाताना आज आपण जामच्या चौरस्त्यावर चहाला थांबतो. त्या वाटेवरून पुढे गादीवर बसायला परतलेला माणूस खुनाच्या रात्री मुद्दाम दूर होता, की योगायोगानं? इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स यानं आधी कुजबुज कानाआड केली. अप्पासाहेब उलटल्यावर तीच कुजबुज पुरावा झाली. परसोजीची राणी काशीबाई सती गेली, म्हणजे त्या महालातली एक साक्ष चितेवर गेली. दुसरी उरली बाकाबाई, परसोजीची सावत्र आई. तिनं हे मरण पाहिलं, सीताबर्डीची लढाई पाहिली, नातू दत्तक बसवला, १८५४मध्ये राज्य खालसा होताना पाहिलं, घरातले जडजवाहीर लिलावाला जाताना पाहिले. चाळीस वर्षं एका वाड्यात बसून सगळं माहीत असलेली बाई! तिला निवेदक करून कुणी त्या फेब्रुवारीच्या रात्रीत शिरलं, तर आम्हा वैदर्भीयांना दुसरी शेरलॉक नको.

आणि त्याहून जुनं हवं असेल तर वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या पवनारला चला. धाम नदीचं पात्र, काळे खडक, वर विनोबांचा परमधाम आश्रम. १९५९मध्ये विनोबांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. आश्रमाच्या जमिनीत खणताना विनोबांना राम-भरत भेटीचं शिल्प सापडलं. वा. वि. मिराशींचं मत असं, की वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी म्हणजे हेच पवनार. प्रवरपूर वसवलं दुसऱ्या प्रवरसेनानं आणि त्याची आई प्रभावतीगुप्ता.

ही बाई म्हणजे चालतंबोलतं कोडं आहे. बाप दुसरा चंद्रगुप्त; त्याच्याबद्दल 'देवीचंद्रगुप्तम्' या तुटक उरलेल्या नाटकात गोष्ट अशी, की थोरल्या भावाला, रामगुप्ताला, बाजूला सारून त्यानं राज्य आणि वहिनी दोन्ही घेतलं. म्हणजे माहेरीच खुनाची कुजबुज. नवरा दुसरा रुद्रसेन थोडकीच वर्षं राज्य करून वारला. का वारला, यावर ताम्रपट गप्प. मुलं लहान, म्हणून कारभार प्रभावतीनं हाती घेतला. तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. त्यानं तो वितळवून त्याचा हंडा केला नाही, हे आपलं नशीब. त्या पटात वंशावळ सुरू होते ती नवऱ्याच्या नाही, बापाच्या घराण्यापासून. गोत्र सांगते तेही माहेरचं, धारण. सासरच्या राज्यात, सासरच्या जमिनीचं दान देताना! तपास करणारा माणूस इथेच वही उघडेल.

पुण्याच्या त्या पटात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. साल तेरावं, म्हणजे तेरा वर्षं तो युवराजच. पुढचा पट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा, प्रवरसेनाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा. त्यातही ती आई म्हणून मुलांची नावं देते: दामोदरसेन, प्रवरसेन. दिवाकरसेनाचं नाव तिथे नाही.