आवाज आणि पट्टी
ध्वनिमुद्रणातून ऐकू येणारा स्वतःचा आवाज अनेकांना परका आणि काहीसा पातळ वाटतो व त्यांचा आत्मविश्वास खचतो, पण याचे कारण आवाजातील दोषात नसून श्रवणाच्या रचनेत आहे. गाताना आवाज हवेतून कानापर्यंत पोचतो तसाच कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानाला मिळतो, आणि हाडे खालची कंपने अधिक ठळकपणे वाहून नेत असल्यामुळे गाणाऱ्याला आपला आवाज प्रत्यक्षाहून भरदार भासतो. आत्मविश्वास खचण्याचे दुसरे, आणि सहज टाळता येण्याजोगे, कारण म्हणजे चुकीची पट्टी. गायक ज्या उंचीवर आपला षड्ज, अर्थात आधारस्वर, ठरवतो ती त्याची पट्टी होय. पेटीच्या पट्ट्यांवरून तिला ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’ अशी नावे मिळाली असून, पुरुष बहुधा काळी एकच्या, तर स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. चित्रपटगीत मूळ गायिकेच्याच पट्टीत म्हणण्याच्या हट्टापायी तार, म्हणजे वरच्या, सप्तकात गळा ताणायचा आणि मग स्वतःलाच बेसूर ठरवायचे, हा निव्वळ अन्याय आहे. याउलट मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातील स्वरांवर तंबोऱ्याच्या साथीने सावकाश स्थिरावण्याचा खर्जाचा रियाज कान आणि गळा यांचा मेळ बसवतो. घसा दुखू लागताच मात्र थांबावे. आणि आपला आवाज जसा आहे तसा स्वीकारावा: शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांचा आवाज घशावरील उपचारांनंतर पुरुषी वाटावा इतका जाड झाला, तरी त्यांनी तो न लपवता किराणा घराण्याची गायकी त्याच आवाजात मांडली. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.