खंडेनवमीस पुजावयाचे हत्यार कोणाचे?

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो आणि त्या दिवशी घरातील हत्यारांची पूजा करतो. ज्यांच्या घराण्यात तलवार होती ते तलवार पुजीत. बाकीच्या महाराष्ट्राने मात्र आपल्या हातातील कामाच्या वस्तूलाच शस्त्र मानले. शेतकऱ्याने नांगराचा फाळ, विळा व कोयता धुवून पाटावर मांडला. सुताराने वाकस व पटाशी, लोहाराने घण व सांडशी, शिंप्याने कात्री, वाण्याने तागडी. अलीकडे त्या पाटावर पाने, पक्कड, ड्रिल आणि वेल्डिंगचे यंत्रही झेंडूची माळ घालून बसलेले दिसते. आम्हांस त्यात काही विपरीत वाटत नाही. पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेविली होती, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. ती शस्त्रे पुन्हा खाली कशासाठी उतरली, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही. अर्जुनाने गांडीव उतरविले ते स्वतःच्या राज्यासाठी नव्हे. कौरवांनी वळवून नेलेल्या विराटाच्या गाई सोडविण्यासाठी. हत्यार आपले, ते चालविणारा हात आपला, आणि काम दुसऱ्याचे अडलेले. दसऱ्याच्या शस्त्रपूजेचे मूळ आम्ही तरी तेथे पाहतो.

आता प्रश्न असा की, पाटावर मांडलेले ते हत्यार आज कोणाचे असते? जो ते चालवितो त्याचे, की ज्याच्या दुकानात तो पगारावर आहे त्याचे? हा प्रश्न आम्हांस ग्रंथात सापडला नाही. गेल्या श्रावणात कीर्तनसेवेसाठी इंदापूर तालुक्यातील वरकुटे या गावी गेलो असता तो एका तरुणाने आमच्यापुढे ठेविला.

हा तरुण पंचविशीचा. त्याचे नाव आम्ही सांगत नाही, कारण त्याचे अजून काहीच झालेले नाही आणि वर्तमानपत्रातील कौतुकाने कर्जाचा हप्ता भरता येत नाही. त्याचे आजोबा गावकीचे लोहारकाम करीत. हा स्वतः तालुक्याच्या ठिकाणी एका कारखानदाराकडे वेल्डिंग आणि पंपाच्या मोटारींचे रिवाइंडिंग करतो. कीर्तन संपले, आरती झाली, मंडळी पांगली, तेव्हा तो जवळ येऊन बसला. म्हणाला, “बुवा, मला गावातच माझे स्वतःचे वर्कशॉप काढायचे आहे. घरचे म्हणतात, कर्ज काढू नकोस, पगार आहे तो बरा. थोरले चुलते माळकरी आहेत. ते म्हणतात, वारकऱ्याने धंद्याच्या पाठीमागे लागू नये, तुकोबांनी खतपत्रे इंद्रायणीत सोडली. मला दुकानही करायचे आहे आणि गावाच्या उपयोगीही पडायचे आहे. ही दोन्ही एकदम होतात का?”

त्याने खिशातून वहीचे एक पान काढले. त्यावर पुढील बेत लिहिलेला होता. या तालुक्याच्या एका अंगास उजनीचे पाणी आहे, दुसऱ्या अंगास नीरा डावा कालवा आहे, आणि ज्याच्या शेताला यातले काही नाही तो विहिरीवर व बोअरवर विसंबून असतो. पाणी कोणतेही असो, ते पिकाला पोचते मोटारीने. ऐन पाळीच्या दिवशी मोटार जळाली की ती उतरवावयाची, गाडीत घालावयाची, तालुक्यास न्यावयाची आणि आपला क्रम येईपर्यंत तेथे बसावयाचे. तोवर पाळी निघून जाते. तेव्हा दुकान गावातच असावे. पाळीच्या दिवसांत रात्री बोलावणे आले तरी जावे आणि रात्रीचा म्हणून जादा दर लावू नये. ज्याची जमीन थोडी त्याचे पैसे सुगीनंतर घ्यावेत. आणि गावातील दोन मुलांस हाताशी घेऊन काम शिकवावे. खाली बँकेच्या हप्त्याचा हिशेब होता, त्यात दोन ठिकाणी खाडाखोड.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्या आजोबांच्या ऐरणीकडे थोडे वळले पाहिजे. जुन्या गावगाड्यात लोहार हा बलुतेदार. वर्षभर कुणब्याचा फाळ शेवटावयाचा, कुऱ्हाडीस पाणी द्यावयाचे, गाडीची धाव चढवावयाची, आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला वाटा घ्यावयाचा. या व्यवस्थेची गोडवी गाणारे पुष्कळ आहेत. तिच्यात एक ओलावा होता हे आम्हीही मान्य करतो. कोणाचा फाळ पैशावाचून अडत नसे. पण तिच्यात कारागिराला आपल्या कामाचे मोल स्वतः सांगता येत नसे, जातीबाहेरचा धंदा धरता येत नसे, आणि पीक बुडाले की त्याचाही घास बुडे. गावाची सेवा त्याच्याकडे होती, स्वामित्व नव्हते. आता शहरात स्वामित्व असलेली दुकाने पुष्कळ आहेत आणि तेथे सेवा हा शब्द पाटीपुरता उरला आहे. वरकुट्याचा हा मुलगा आजोबांकडची एक गोष्ट आणि नव्या काळाची एक गोष्ट यांची जोड लावू पाहतो. त्याचा प्रश्न लहान नाही.

आणि तो नवाही नाही. लोखंडाच्या धंद्यात महाराष्ट्राने याचे एक मोठे उदाहरण पाहिले आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आल्यावर रंग सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. पगाराची नोकरी होती. ती सोडून ते बेळगावास आले आणि बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींच्या दुकानात उतरले. सायकल विकणे, दुरुस्त करणे, ती चालवावयास शिकविणे असा तो आरंभ. तेथून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर.

हा नांगर कोणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले असे सांगतात. येथे आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटते. लाकडी नांगराचा फाळ तर शतकानुशतके लोखंडाचाच होता! महाभारताच्या शांतिपर्वात नांगराच्या लोखंडी तोंडाचा स्पष्ट उल्लेख आहे. भूमीतील जीव त्याने मरतात अशी तक्रारही तेथे आहे. मग विष कशाचे? आम्हांस वाटते, भय लोखंडाचे नव्हते, अनोळखी हाताचे होते. फाळ घडविणारा लोहार गावातला होता, त्याच्या बापजाद्यांना शेतकरी ओळखत होता. हा नांगर मात्र कोठल्याशा कारखान्यातून आलेला. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून दिले नाही, आणि नांगरही सोडला नाही. विश्वास मिळेपर्यंत थांबण्याची किंमत त्यांनी आपल्या भांडवलातून भरली. सेवा म्हणजे नफ्यातून वर्षाकाठी काढून ठेवावयाचा दानधर्म, अशी जी आपली समजूत झाली आहे तिच्याशी या दोन वर्षांची तुलना करून पाहावी.

पुढे बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलच्या माळावर जमीन दिली आणि पैशाचाही हात दिला. माळ निवडुंगाने भरलेला आणि सापांचा. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. कामगार बायकामुलांसह आले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर ठेविले, आणि वस्तीत अस्पृश्यता चालू दिली नाही. ते कर्मकांडात रमणारे गृहस्थ नव्हते. सणाच्या पानावर त्यांचे नाव पाहून एखाद्याच्या भुवया उंचावतील. उंचावोत. ज्या मनुष्याने शिक्षा झालेल्याच्या हाती विश्वासाने किल्ल्या दिल्या, त्याचे नाव घेण्यास आम्हांस नवरात्राचा विटाळ वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशचे कच्चे लोखंड मिळेनासे झाले. कारखाना बंद पडावयाची वेळ आली. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. तोफांचा रस झाला आणि त्याचे नांगर झाले. शस्त्रपूजेच्या दिवशी कीर्तनात सांगण्यासारखा याहून सरस दृष्टान्त आम्हांस पुराणातही चटकन आठवत नाही.

वरकुट्याच्या मुलाला आम्ही हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “बुवा, त्यांना राजे भेटले.” खरे आहे. त्याला बँक भेटेल, आणि बँक तारण मागेल. म्हणून मोठ्यांच्या चरित्रावरून लहानांना नुसता उपदेश करू नये. त्याच्या चुलत्यांच्या आक्षेपाचे मात्र उत्तर देणे आमचे काम होते.

तुकोबारायांची पालखी दरवर्षी याच मुलखातून जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे तिचे मुक्काम. बेलवाडीचे रिंगण पाहण्यास सारा तालुका लोटतो. ज्यांच्या पादुका त्या पालखीत असतात ते तुकोबा वाण्याचे दुकान चालवीत होते. १६३० च्या दुष्काळात घर आणि धंदा दोन्ही होरपळले. पुढे त्यांनी लोकांकडील येण्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, हे खरे. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते आणि ती चुलत्यांस कोणी सांगितलेली नाही: आधी कागदांच्या वाटण्या झाल्या, आणि धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी स्वतःचाच अर्धा वाटा बुडविला. दुसऱ्याच्या पोटाचा कागद त्यांनी नदीत टाकला नाही. शिवाय बुडाला तो दुष्काळाने नागवलेल्या कुळांवरचा तगादा. काम बुडविले नाही.

धंद्यात राहून धर्म साधतो की नाही, याविषयी व्यासांनी तर एक संपूर्ण संवादच रचला आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिले उडून गेली. त्याला अहंकार झाला. तेव्हा अंतरिक्षातून वाणी झाली की, वाराणसीच्या तुळाधार वाण्याची सर तुला नाही. जाजली तेथे गेला, तो तुळाधार दुकानात माल विकीत बसलेला. त्याने रानही धरले नव्हते आणि दुकानही सोडले नव्हते. माझा तराजू सर्वांना सारखा आहे, एवढाच त्याचा साधनमार्ग. मघाशी सांगितलेली नांगराची तक्रार याच तुळाधाराच्या तोंडची आहे. कोणत्याही धंद्यात हिंसा किती शिरते याकडे त्याची दृष्टी इतकी बारीक होती.

दराविषयी मात्र आम्ही दसऱ्याचीच कथा सांगितली. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेचे चौदा कोटी मागण्यास रघुराजाकडे आला. विश्वजित यज्ञात सर्वस्व दिलेल्या राजाने मातीच्या पात्रातून त्याला अर्घ्य दिले. रात्री कोशागारात सुवर्णवृष्टी झाली. राजा म्हणतो, सारे घेऊन जा; कौत्स म्हणतो, गुरूला देणे आहे त्याहून एक नाणे अधिक नको. उरलेले सोने आपट्यापाशी ठेवून लोकांस लुटू दिले, हा भाग कालिदासाच्या रघुवंशात नाही, तो लोककथेतला. पण आपण आपट्याची पाने वाटतो ती त्या लोककथेच्या बळावर. पाळीच्या रात्री अडलेल्या शेतकऱ्याकडून जादा दर न घेण्याचा त्या मुलाचा बेत कौत्साच्या घराण्यातला आहे.

त्याच्या चार बेतांपैकी एकाला मात्र आम्ही हरकत घेतली. सुगीनंतर पैसे घेणे हा. ही जुनी बलुत्याचीच चाल आहे. पण बलुत्यात लोहाराला तांब्याची तार रोखीने विकत आणावी लागत नव्हती. आज ती लागते. गावातील दुकाने बहुधा स्पर्धेने मरत नाहीत, उधारीने मरतात. आणि दुकान मेले की रात्री बोलावल्यावर जाणार कोण? आम्ही त्याला म्हटले, “बाळ, मजुरी उधार ठेव, सामानाचे पैसे रोख घे. आणि उधारीची वही दर अमावास्येस चुलत्यांकडून तपासून घे.” चुलते जवळच बसले होते. ते हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

दोन मुलांस काम शिकविण्याचा बेत आम्हांस सर्वांत आवडला. त्याने लाजत विचारले, शिकून ती मुले शेजारच्या गावात स्वतःचे दुकान काढतील तेव्हा काय? आम्ही म्हटले, तेव्हा खंडेनवमीस आणखी दोन पाट मांडले जातील.

शेवटी त्याने मुहूर्त विचारला. विजयादशमी साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी पंचांग पाहावे लागत नाही. शेड उभी झाली आहे, आजोबांची ऐरण माळ्यावरून उतरवून घासून ठेविली आहे. वीजजोडणीचा अर्ज मात्र अजून मंजूर व्हावयाचा आहे. ती वेळेत मिळाली तर दसऱ्यास दुकान उघडेल. न मिळाली तर दिवाळीच्या पाडव्यास. तो अर्धा मुहूर्त आहेच.