रुमाल रुसलाय? सुई खाली ठेवा!

क्रोशाचा गोल रुमाल विणताना कडेला झालर उठायला लागली की डोकं फिरतंच. कारण मात्र साधं असतं, खांब जास्त झालेत. उलट मधे खोलगट वाटी होत असेल तर खांब कमी पडलेत. सपाट गोलाचा ढोबळ हिशेब असा: पहिल्या फेरीत 12 खांब, मग 24, 36, 48.

पण हे मोजायला डोकं शांत हवं ना! चिडलेला हात दोरा ओढून धरतो, टाके आवळतात आणि सुई आत शिरता शिरत नाही. तेव्हा सरळ काही दिवस थांबा. शेवटचा फास लांब ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर घरातलं मांजर (किंवा नातवंड) तुमच्याआधी सगळं उसवून मोकळं होईल. कितवी फेरी चालू होती, तेही चिठ्ठीवर लिहून ठेवा.

मधल्या दिवसांत बारीक दोऱ्याला हात लावू नका. जाड लोकर, मोठी सुई आणि साधा चौकोन घ्या. पटकन काहीतरी पूर्ण होतं, त्याची मजा औरच! चौकोन नंतर उसवलात तरी ती लोकर कोमट पाण्यात भिजवून वाळवली की वळ्या बऱ्याच जातात, त्यामुळे वायाही फारसं काही जात नाही.

तुमचं कुठलं विणकाम अर्धवट पडलंय? फोटोसकट सांगा.