मालवणच्या पाण्याखाली काय पाहाल?

द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली, कांदा चाळीत गेला, की निफाड-दिंडोरीकडची बरीच कुटुंबे गाडी करून कोकणात जातात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, माशाचे जेवण जेवतात आणि हल्ली मुलांच्या हट्टापायी ‘स्कूबा’ही करतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून पाण्याखाली जायचे, ते स्कूबा. पोहता येत नसले तरी बरोबरचा पाणबुड्या तुम्हांला धरून नेतो. पण खाली पाहायचे काय, हे कोणी सांगत नाही. पावाच्या तुकड्यांभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे जमतात, फोटो निघतो आणि माणूस वर येतो. खरी मौज खडकावर असते, ती राहूनच जाते.

तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे जे दिसते तो दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते प्रवाळ. अंगठीत घालतात त्या पोवळ्याच्या गणगोतातले हे प्राणी. दाण्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याखाली चुन्याचे घर बांधत जातात. गड्ड्यासारख्या जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात.

त्यांचे पोट कसे भरते? भुईमूग उपटला की मुळांवर गाठी दिसतात ना? त्यांतले जिवाणू पिकाला नत्र देतात, पीक त्यांना साखर देते. प्रवाळाच्या अंगातही असेच बारीक शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो, खतही पुरवतो. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर हे वाटेकरी वेगळे होतात. शेवाळ निघून जाते, प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणातही असे प्रवाळ पाहिले आहेत.

खडकाच्या कपारीत नजर टाकलीत, तर समुद्री गोगलगाय दिसेल. आपल्याकडे गोगलगाय म्हणजे कोवळ्या रोपांचा काळ! समुद्रातली ही शंख नसलेली बोटभर गोगलगाय मात्र पाहत राहावी अशी. काही निळ्या, काही पिवळ्या, काही जांभळ्या. भडक रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी पाटीच. काही जाती तर डंख मारणारे प्राणी खातात, त्यांचे डंख न पचवता पाठीवर साठवतात आणि स्वतःच्या रक्षणाला वापरतात. शत्रूचेच हत्यार!

मालवणचा हा 29.12 चौरस किलोमीटरचा भाग 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याने वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. पण तुकडा उचलणाऱ्यापेक्षा, तोल गेला म्हणून प्रवाळावर पाय देऊन उभे राहणारे अधिक, असे माझे मत. एका पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते. पाय वरच ठेवा. पावही टाकू नका, तो माशांचा आहार नव्हे.

दम्याचे वा हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि सर्दीने कान बंद झालेले यांनी काठावरच थांबावे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कान मोकळे होतात. श्वास मात्र कधीही रोखू नका, विशेषतः वर येताना, फुप्फुसाला इजा होते.

पाणी अधिक निवळ असते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. त्या वेळी आपल्याला बाग सोडवत नाही, हे खरे. मग एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा गाठा. पावसाळ्यात हे सगळे बंद असते.