शांत, लहान शहरात पीएचडी करायचीय?
पीएचडीसाठी अर्ज करताना आपण गाईड बघतो, फेलोशिप बघतो. शहर कसंय हे बघायचं राहूनच जातं. जर्मनीतलं ग्योटिंगन घ्या. वस्ती सुमारे 1.2 लाख, विद्यापीठ 1737 पासूनचं. गणितज्ञ गाउस इथल्याच वेधशाळेचे प्रमुख होते. घर ते लॅब सायकलवर होतं. मुंबई-पुण्यात प्रवासात जाणारे तास इथे वाचतात, हा खरा फायदा.

पण या शांततेला दुसरी बाजूही आहे. रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान. त्या आठवड्यात प्रयोग फसला असेल, तर तोच विचार घरी येऊन बसतो. ना टपरीवरचा चहा, ना अचानक टपकणारा मित्र. गप्पासुद्धा ठरवून माराव्या लागतात. म्हणून लॅबबाहेरचं एक काहीतरी दर आठवड्याला पक्कं ठेवा: जर्मनचा वर्ग, बॅडमिंटन, काहीही. आणि मुलाखतीच्या वेळी तिथल्या विद्यार्थ्यांना नक्की विचारा, 'रविवारी तुम्ही काय करता?'

ग्योटिंगनमध्ये डॉक्टरेट मिळाली की मित्रमंडळी तुम्हाला सजवलेल्या हातगाडीत बसवून चौकात नेतात. तिथल्या कारंज्यावर चढून 'गेन्झेलीझल' या मुलीच्या पुतळ्याला फुलं द्यायची, ही प्रथा. ती गाडी ओढणारी माणसं मात्र पहिल्या वर्षापासूनच जोडावी लागतात.